किस्से पुष्कळ ऐकले, कसब कुठे ऐकायला मिळतं?

तिसरी_घंटा

मंडळी, जरा तणतणत धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आम्ही सांगलीकडचे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीता स्वयंवर' केलं, त्याचं व्याज गाव अजून खातंय. दर ५ नोव्हेंबरला भावे पदक दिलं जातं, मोठी माणसं येतात, बोलतात, आम्ही मागे उभं राहून ऐकतो. मी स्वतः राज्य नाट्य स्पर्धेत हौशी गटात अकरा वर्षं नाटक करतोय. दिवसा पतपेढी, रात्री साडेआठला शाळेच्या वर्गात बाकं सरकवून तालीम. शिकवणारं कुणी नाही, म्हणून 'नाट्यकार्यशाळा' किंवा 'रंगकर्मीशी गप्पा' असा फलक दिसला की पाय तिकडे वळतात.

गेल्या महिन्यात शेजारच्या जिल्ह्यात दोन दिवसांची 'अभिनय व दिग्दर्शन कार्यशाळा' झाली. साडेतीन हजार रुपये, जेवण धरून. वेळ दहाची, दीपप्रज्वलन सव्वाअकराला. पाहुणे खरोखर मोठे. नाव सांगत नाही, कारण राग त्यांच्यावर नाही. पहिल्या दिवशी एसटीच्या टपावरून सेट नेल्याचा किस्सा, पावसात प्रयोग केल्याचा किस्सा, नायकाची मिशी सुटली त्याचा किस्सा. सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी एकमेकांसमोर उभं राहून आरसा-आरसा खेळलो, डोळे मिटून मागे पडलो, मग प्रमाणपत्रं, मग फोटो. वहीची चौदा पानं भरली होती. घरी येऊन वाचली तर नऊ किस्से आणि तीन सुविचार. उद्या तालमीत पोरांना सांगता येईल असं एक वाक्य नाही.

एक सोडून. आणि तेही व्यासपीठावरचं नव्हे. निघताना चहाच्या टेबलापाशी आमच्यातल्या एका पोरानं त्यांना गाठलं. "सर, माझा आवाज शेवटच्या रांगेत जात नाही म्हणतात." ते म्हणाले, "एखादं वाक्य म्हण." हा म्हणाला, "मी त्या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "आवाज जातोय रे. 'नाही' जात नाहीये. मागच्या माणसाला वाटतंय तू पाऊल ठेवणार."

मग उभ्या उभ्या सांगितलं. मराठीत क्रियापद शेवटी, नकार त्याच्याही शेवटी, आणि आपला श्वास नेमका तिथेच संपतो. वाक्याचा जीव शेपटीत आणि आपण शेपटीच गिळतो. दोन मिनिटं. माझ्या हिशेबी साडेतीन हजार त्या दोन मिनिटांचे.

तर प्रश्न असा: रंगकर्मींच्या व्याख्यानातून, कार्यशाळेतून किंवा पुस्तकातून तुमच्या हाताला नेमकं काय लागलं? 'खूप प्रेरणा मिळाली' नको. वस्तू सांगा.

फणसपोळी

+१. मिशी सुटल्याचा किस्सा मी तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलाय, तिन्ही वेळा तो त्यांच्याच डोळ्यांसमोर घडला होता.

खारातली_मिरची

तिसरी घंटा, तुमची तणतण समजली, पण किस्स्याला एवढं झोडपू नका. आम्ही जे काही शिकलो ते किस्स्यातूनच. ७४ नंतर 'आविष्कार' या नाट्यसंस्थेची नाटकं दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये व्हायला लागली, तेव्हा मी गोदरेजच्या कपाटासारखा दिसणारा, पंचविशीतला, नाटकात शून्य माणूस होतो. प्रयोग संपला की खाली रस्त्यावर चहा. तिथे कुणी व्याख्यान देत नव्हतं. "काल दुसऱ्या अंकात काय झालं माहितीये का," एवढंच. पण ऐकणारा विचारायचा, "मग तू काय केलंस?" आणि सांगणारा कप हातात धरूनच ते करून दाखवायचा. कसब तिथे होतं.

तुमच्या कार्यशाळेत मिशी सुटली तेव्हा सगळे हसले म्हणता. कुणी विचारलं का, मग पुढचं वाक्य त्या नटानं कुठे बघून म्हटलं? हात तोंडाशी नेला की पाठ फिरवली? समोरच्या नटीनं काय केलं? मिशी स्पिरिट गमनं चिकटवलेली होती तर सुटली का, घामामुळे की घाईघाईत गम ओला असतानाच दाबल्यामुळे? पंधरा मिनिटांचा पाठ होता त्यात. तुम्ही हशा घेऊन घरी आलात.

पुस्तकांचंही तेच. गणपतराव बोडसांचं 'माझी भूमिका' १९४० चं. लोक त्यात गंधर्व कंपनीच्या भानगडी शोधतात. बोडस म्हणजे 'एकच प्याला'तला सुधाकर, 'मानापमाना'तला लक्ष्मीधर. एकाच माणसानं दारुड्याची शोकांतिका आणि भित्र्या श्रीमंताचा फार्स दोन्ही पेलायचे, ते कसं, असं विचारत वाचा. चिंतामणराव कोल्हटकरांचं 'बहुरूपी' घ्या. त्याला १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. दीनानाथांबरोबर बळवंत संगीत मंडळी चालवलेला माणूस तो. कंपनी चालवणं हेसुद्धा एक कसबच. माणसं, कर्ज, पाऊस, मुक्काम.

तिसरी_घंटा

मिरचीकाका, वर्मी लागलं. कुणीही विचारलं नाही, मीही नाही. पण एक सांगा, चारशे माणसांच्या सभागृहात माइक हातात घेऊन "गम ओला होता का?" असं विचारणाऱ्याला लोक वेडा म्हणतील की नाही?

खारातली_मिरची

म्हणतील. विचारा.

जिलेटिन_पेपर

प्रकाशयोजना करतो, पुणे. वस्तू मागितलीत म्हणून लिहितो.

पंधरा वर्षांपूर्वी एका जुन्या लाइटवाल्या काकांनी आमच्यासाठी एक दुपार दिली होती. कार्यशाळा वगैरे शब्द नव्हता, फी वडापाव. खोलीच्या खिडक्यांना काळं कापड लावलं, स्टुलावर एक सोललेला नारळ ठेवला, तीन डोळे आमच्याकडे करून, आणि हातात विजेरी घेतली. म्हणाले, हा तुमचा नट.

विजेरी बरोबर समोरून धरली: नारळ सपाट, पोळीसारखा. डोक्यावरून धरली: डोळ्यांच्या खोबणी काळ्या, खाली सावली, नारळ एकदम म्हातारा आणि दुःखी. खालून धरली: भूत. मग बाजूने, साधारण पंचेचाळीस अंशांत, जरा उंचावरून: नारळाला गोलाई आली, चेहरा आला. मग आमच्यातल्या एकाला दुसरी विजेरी दिली, दुसऱ्या बाजूने तशीच धर म्हणाले. एकीवर पिवळट जिलेटिन (दिव्यावर लावायचा रंगीत पारदर्शक कागद), दुसरीवर फिकट निळं. आता त्या नारळाच्या एका गालावर दिवा आणि दुसऱ्या गालावर खिडकी होती. काकांनी कुठलंही नाव घेतलं नाही. पुढे पुस्तकात वाचलं तेव्हा कळलं, अमेरिकेत मॅकॅन्डलेस नावाच्या प्राध्यापकानं ही पद्धत कधीच लिहून ठेवलीय.

दुसरी गोष्ट नटांसाठी. आमच्या पोरांना स्पॉटमध्ये उभं राहता येत नाही, अर्धं पाऊल बाहेर राहतात आणि चेहरा अंधारात. काका म्हणाले, जुने नट खाली खुणा बघत नसत, कपाळानं दिवा शोधत. हॅलोजनची ऊब कपाळावर लागली की तू दिव्यात आहेस, ऊब गेली की बाहेर. गंमत म्हणजे आता सगळीकडे एलईडी आले, त्यांच्या झोताला ऊबच नाही. तेव्हा हे कसब आमच्या डोळ्यांदेखत निकामी झालं. आता काय सांगतो? मान न हलवता वर बघ, दिव्याचं भिंग तुझ्या डोळ्यात टोचलं पाहिजे. टोचत नसेल तर तू अंधारात आहेस.

या काकांनी पुस्तक लिहिलं नाही. त्यांच्याकडे क्यूशीटच्या, म्हणजे कुठला दिवा कधी लावायचा-विझवायचा याच्या, वह्या होत्या, एकेका नाटकाची एकेक. ते गेल्यावर रद्दीत गेल्या. घरच्यांना काय माहीत.

अबोली_काकू

रद्दीचं वाचून कसंतरी झालं. वेशभूषेचंही असंच आहे हो. आमच्या मंडळात एकदा कपडेपट सांभाळणाऱ्या एक बाई आल्या होत्या बोलायला. भाषणाची सवय नाही, पहिली दहा मिनिटं घामानं डबडबल्या. मग कुणीतरी विचारलं, नऊवारीतून पाचवारीत पाऊण मिनिटात कसं आणता? लगेच पिशवीतून शिवलेली नऊवारी काढली आणि उलटी करून दाखवली. त्यांचं म्हणणं, विंगेत वेल्क्रो कधी वापरायचं नाही. शांत प्रसंगात त्याचा 'चर्र' आवाज पाचव्या रांगेत ऐकू जातो. मोठे हुक लावायचे, ते काळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्यानं शिवायचे, म्हणजे अंधारात दिसतात. आणि बदलणाऱ्या नटीनं स्वतःचा हात लावायचा नाही, नुसतं हात पसरून उभं राहायचं. "तिनं मदत केली की वेळ दुप्पट लागतो," असं म्हणाल्या. स्वयंपाकघरात नवऱ्यांचं असंच होतं, ते आठवून आम्ही सगळ्या हसलो.

झाडीचा_पोऱ्या

इथं सगळे पुण्या-मुंबईचे बोलून राहिले, म्हणून आमचंबी सांगतो. मी देसाईगंजचा, म्हणजे वडसा, गडचिरोली जिल्हा. झाडीपट्टीची नाटकं आमच्याकडून निघतात. दिवाळी झाली की सीझन लागतो, होळीपर्यंत. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, ते उजाडेपर्यंत. परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली तेव्हा तुमच्याकडच्या पेपरांनी आमचं नाव छापलं.

आमच्याकडं कलाकार आज या गावात, उद्या त्या गावात. तालमीला वेळ कुठं? म्हणून प्रॉम्प्टर हा आमचा खरा मास्तर. माझे काका प्रॉम्प्टर. तुम्ही त्यांना स्टेजवर बोलवून भाषण करा म्हणाल तर ते पळून जातील. पण बाजूला बसवून घेतलं की हे शिकवतात:

पूर्ण वाक्य द्यायचं नाही, पहिला शब्द द्यायचा. पूर्ण दिलं तर नट तुमच्या सुरात बोलतो. शब्द द्यायचा तो नटाच्या श्वासाच्या आधी, श्वास घेतल्यावर दिला तर उशीर झाला. आणि सगळ्यात अवघड, हा विसरला का थांबला हे ओळखायचं. काका म्हणतात, थांबलेल्याची नजर समोरच्या माणसावर राहते. विसरलेल्याची नजर जमिनीवर जाते. नाहीतर हात पँटच्या शिवणीला लागतो. थांबलेल्याला शब्द दिला तर तो नाटक झाल्यावर मारायला येतो.

आमच्याकडं हे पुस्तकात नाही. काकांच्या मांडीला मांडी लावून तीन सीझन बसलो तेव्हा आलं.

फणसपोळी

झाडीच्या पोऱ्या, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. पँटची शिवण! मी आता प्रत्येक नाटकात तेच बघत बसणार.

वाचनवेडा_७

पुस्तकांचा मुद्दा मागे पडला. माझ्या कपाटातली यादी नाही देत, दोनच सांगतो, कारण ती थेट धाग्याच्या मुद्द्यावर आहेत.

डॉ. श्रीराम लागूंचं 'लमाण' सगळ्यांना माहीत असतं. 'वाचिक अभिनय' नावाचं त्यांचं छोटं पुस्तक फार कमी लोक वाचतात. हा माणूस कान-नाक-घशाचा सर्जन. १९६९ मध्ये डॉक्टरकी सोडून पूर्ण वेळ नट झाला आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट'. आवाज कुठून निघतो हे ज्यानं शस्त्रक्रियेच्या टेबलावर पाहिलंय, तो नटाच्या बोलण्याबद्दल लिहितो, याहून वेगळी पात्रता काय हवी? तिसरी घंटा, तुमच्या 'नाही'चं उत्तर शोधायला तिथून सुरुवात करा.

दुसरं, विजया मेहतांचं 'झिम्मा'. ते आत्मचरित्र म्हणून विकत घेतलं जातं, पण मी ते दिग्दर्शनाची वही म्हणून वाचतो. नाटक हातात आल्यापासून तालीम कशी उभी राहत गेली, कुठे अडलं, काय बदललं, हे एका-एका नाटकाच्या निमित्तानं येतं. पेन्सिल घेऊन वाचायचं पुस्तक आहे.

आणि ज्यांना मुळातून जायचंय त्यांच्यासाठी, रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्कीच्या अभिनयावरच्या पुस्तकाचं के. नारायण काळ्यांनी 'अभिनयसाधना' नावानं मराठी केलंय. जुन्या ग्रंथालयात विचारा. आमच्याकडच्या प्रतीवर शेवटचा शिक्का २००३ चा होता.

खारातली_मिरची

आणि ती २००३ साली नेणारा मीच असणार. परत केली होती, पावती आहे.

पहाटे_साडेपाच

नमस्कार. मी सिएटलला असते, आयडी का असा ते कळेलच. २०२० मध्ये सगळं बंद होतं तेव्हा मराठी रंगकर्मींच्या ऑनलाइन गप्पांचा पूर आला होता. भारतातले संध्याकाळचे सहा म्हणजे माझ्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेपाच. कॉफी घेऊन, कॅमेरा बंद करून मी चाळीसेक सत्रं तरी ऐकली असतील. नाटकापासून एवढ्या लांब असणाऱ्याला ती पर्वणी होती हे आधी मान्य करते. पण तुमचं दुःख तिथेही होतंच. स्क्रीनवर तर चहाचं टेबलही नाही. सत्र संपलं की चौकोन विझतो.

व्याख्यान कसं असावं याचा माझ्या मनातला नमुना इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रूकचा आहे. 'द एम्प्टी स्पेस' हे १९६८ चं पुस्तक मुळात चार व्याख्यानं. हल, कील, मँचेस्टर, शेफील्ड या विद्यापीठांत दिलेली. त्यात त्यानं एका व्याख्यानात केलेला प्रयोग सांगितलाय. श्रोत्यांमधून एकीला बोलावलं आणि पीटर वाइसच्या नाटकातला एक उतारा वाचायला दिला, आउश्वित्झच्या गॅस चेंबरमधल्या प्रेतांचा. ती नटी नव्हती, पण सभागृह चिडीचूप. मजकुरानंच तिला आणि ऐकणाऱ्यांना धरून ठेवलं. मग दुसऱ्याला शेक्सपिअरच्या 'हेन्री पंचम'मधली लढाईत पडलेल्यांची नावांची यादी दिली. हा लगेच 'शेक्सपिअरी' आवाज लावून वाचायला लागला आणि लोक चुळबुळू लागले. ब्रूकनं वाचणाऱ्याला दोष दिला नाही, श्रोत्यांकडे वळला. मघाची मेलेली माणसं तुम्हाला खरी वाटली, ही का नाही वाटत? आता प्रत्येक नावानंतर थांबून वाचलं जाईल, तेवढ्या वेळात ते नाव म्हणजे एक जिवंत माणूस होता, एवढंच मनाशी बघा. यादी पुन्हा वाचली गेली. या वेळी शांतता होती आणि त्या शांततेनं वाचणाऱ्यालाही सावरलं.

आम्ही इथल्या मराठी मंडळींनी गॅरेजमध्ये हे करून पाहिलं, पानिपतावर. विश्वासराव. यशवंतराव पवार. जनकोजी शिंदे. इब्राहिमखान गारदी. पहिल्यांदा वाचणारा अगदी पोवाड्याच्या थाटात सुटला, आम्ही हसलो. दुसऱ्यांदा नावामागे तीन श्वास थांबून वाचलं. वॉशिंग मशीन चालू होतं शेजारी, तेवढाच आवाज. इब्राहिमखानाच्या नावाला माझ्या नवऱ्यानं, ज्याला नाटकाचा 'ना' माहीत नाही, मान खाली घातली.

म्हणून मिरचीकाकांचं मला पटतं. बोलणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्यांनीही काम करायला हवं.

तिसरा_खर्डा

लेखकांच्या बाजूनं थोडं. नाट्यलेखन शिकवता येतं का यावर दरवर्षी धागा निघतो, त्यात पडत नाही. पण एकदा येऊन बोलून जाण्यापेक्षा वेगळं काही आपल्याकडे झालंय. पुण्यात थिएटर अकॅडमीनं सतीश आळेकरांच्या पुढाकारानं नाटककारांसाठी आणि गावोगावच्या नाट्यसंस्थांसाठी योजना चालवली होती, फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं, १९८५ ते १९९४. म्हणजे नऊ वर्षं. दोन दिवस नव्हे!

मी स्वतः ज्या वाचन-शिबिरातून शिकलो तिथे एकच नियम होता. लेखकानं स्वतःचं नाटक वाचायचं नाही. दुसरे वाचतील, तुम्ही मागे बसा आणि संहितेकडे न बघता माणसांकडे बघा. कुठे खुर्च्या करकरतात, कुठे कुणी पाण्याची बाटली उघडतं, तिथे समासात खूण करा. माझ्या दुसऱ्या प्रवेशात सात बाटल्या उघडल्या. तो प्रवेश माझा सगळ्यात लाडका होता. काढला.

मांडवीकाठ

आमच्या गोव्यात देवळाच्या उत्सवाला गावातली माणसंच नाटक करतात. शिकवणारा म्हणजे गेल्या वर्षी तीच भूमिका केलेला शेजारी. त्याचा तोटाही आहे, चाळीस वर्षं एकच हातवारा चालत आलेला असतो. बाहेरचा माणूस येऊन "हा हात इथे का?" विचारतो तेव्हा कळतं की कुणालाच माहीत नाही. तेव्हा बाहेरून येणाऱ्यांना अगदी मोडीत काढू नका.

तिसरी_घंटा

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, आता अहवाल देतो.

परवा तालमीत 'शेपटी गिळायची नाही' हे सूत्र लावलं. फजिती झाली. सगळे क्रियापदावर हातोडा मारायला लागले. "मी काल बाजारात गेलो होतो! तिथे मला आबा भेटले!" आमची नायिका तर बातम्या देतेय असं वाटायला लागलं. अर्धा तास हसण्यात गेला. म्हणजे सूत्र कळलं, करायचं कसं ते कळलं नाही. वाचनवेडा, 'वाचिक अभिनय' मागवलंय, यायला आठवडा आहे. तोवर कुणी सांगेल का?

दुसरी अडचण, सुतारकामाची. आमच्या सेटला उजवीकडे दार आहे. नायक तिथून येतो, पहिलं वाक्य महत्त्वाचं, आणि अर्ध्या प्रेक्षागृहाला तो दिसतच नाही.

खारातली_मिरची

हातोडा मारू नका. शेवटचा शब्द मोठा नाही करायचा, फक्त पडू द्यायचा नाही. पोरांना सांगा, वाक्य संपलं तरी छातीत थोडा श्वास उरला पाहिजे. तपासायचं असं: वाक्य पूर्ण म्हणायचं आणि त्याच श्वासात, नवा न घेता, मनातल्या मनात नव्हे तर खरंच, "कळलं?" म्हणायचं. "मी त्या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही, कळलं?" 'कळलं' नीट ऐकू आलं तर 'नाही'ला पुरेसा श्वास होता. चार दिवस 'कळलं' लावून तालीम करा, पाचव्या दिवशी 'कळलं' काढून टाका. हे मला कुणी शिकवलं ते सांगायला बसलो तर तो किस्सा होईल, म्हणून थांबतो.

सुतारपक्षी

दाराचं मी सांगतो, नेपथ्य उभं करण्यातच हयात गेली. तुमचं दार रंगमंचावर उघडतंय, बरोबर? आणि बिजागरी प्रेक्षकांच्या बाजूच्या चौकटीला? म्हणजे दार उघडलं की फळीच्या मागे नट. घरातलं दार आत उघडतं म्हणून आपण तसंच बसवतो. रंगमंचावर शक्यतो उलट. बिजागरी प्रेक्षकांपासून लांबच्या चौकटीला लावा आणि फळी विंगेच्या बाजूला उघडू द्या. नट उघडताच पूर्ण दिसेल आणि विंगेतला पसारा फळीनं झाकला जाईल. दोन फायदे, खर्च आठ स्क्रूंचा.

आणि चौकटीला मागून तिरका टेकू देऊन त्यावर वजन ठेवा. दार आपटलं की अख्खी भिंत थरथरते, आणि नायकाच्या संतापाचं हसं होतं.

तिसरी_घंटा

पक्षीदादा, कालच बिजागऱ्या काढल्या. तुमचं निदान शंभर टक्के बरोबर, फळी आतच उघडत होती. आता नायक दिसतो. दिसायला लागल्यावर लक्षात आलं की तो आत येताना जमिनीकडे बघतो. झाडीच्या पोऱ्या, हा विसरलाय की थांबलाय?

झाडीचा_पोऱ्या

हात कुठं आहे त्याचा?

तिसरी_घंटा

शिवणीला.

झाडीचा_पोऱ्या

मग शब्द द्या त्याला.

जिलेटिन_पेपर

तिसरी घंटा, पुढच्या रविवारी मिरजेला एका लग्नाला येतोय. दुपारी तीन तास मोकळा आहे. खोली काळी करता येत असेल तर येतो, विजेऱ्या आणि जिलेटिन माझ्याकडे आहेत. फी वडापाव, परंपरेप्रमाणे.

तिसरी_घंटा

या! वर्गाच्या खिडक्यांना लावायला सतरंज्या आहेत. नारळ सोलून ठेवतो. शिकवून झाल्यावर फोडायचा का तेवढं सांगा, पोरं विचारताहेत.